श्वासाचे यंत्र घडविणारा दर्यावर्दी : कॅप्टन झाक कुस्तो

आमच्या हदगाव तालुक्यापासून समुद्र फार लांब आहे. उत्तरेकडून पैनगंगा वाहते, शेताशेतात विहिरी आहेत, आणि पाण्याशी आमचा संबंध एवढाच. तरीही पाण्याखाली उतरणारी माणसे आमच्याकडे आहेत. विहिरीतल्या मोटारीचा फूटवॉल गाळात रुतून बसला, किंवा नदीच्या डोहात कोणी बुडाले, म्हणजे दम धरणाऱ्या माणसाला बोलावणे जाते. आमच्या भागात असे बोलावणे माझ्या मामांना येते. मामांची शेती चार एकर, शाळा चौथीपर्यंत. परंतु एका दमात ते विहिरीचा तळ गाठतात.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात पैनगंगेच्या डोहात एक मुलगा बुडाला. मामा आणि त्यांचे दोन सोबती दोन दिवस बुड्या मारीत होते आणि मी काठावर दोर धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा सापडला. मामा वर आले तेव्हा त्यांच्या डाव्या कानातून रक्त येत होते. कानाचा पडदा फाटला असे पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले. मामांनी मात्र त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही, आणि पुढल्या उन्हाळ्यात ते पुन्हा विहिरीत उतरले.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत मी मित्रांबरोबर मालवणला गेलो. तेथे प्रशिक्षकाने माझ्या पाठीवर हवेची टाकी बांधली, तोंडात रेग्युलेटर दिला आणि हाताला धरून मला पाण्याखाली नेले. मी पाण्यात श्वास घेत होतो. रंगीत मासे सगळेच पाहतात. मला मात्र सारखे मामा आठवत होते. गावी परतताना एसटीत बसल्या बसल्याच मी ठरविले, की आपण असा एक संच विकत घ्यायचा आणि तो मामांना द्यायचा.

आता घ्यायचा तर कोठे? हदगावच्या बाजारात फवारणीचे पंप मिळतात, पाइप मिळतात, फूटवॉल मिळतात. नांदेडला खेळाच्या सामानाच्या एका दुकानात पोहण्याचे चष्मे होते. परंतु ते खोल पाण्यासाठी नाहीत हे दुकानदाराने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. मित्रांचे म्हणणे असे, की मोबाईलवर सारे मिळते, बोट लावावे आणि पार्सल दारात यावे. मलाही ते पटले. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रावर काम करून जमविलेल्या पैशातून मी सुरुवातीला फक्त एक मुखवटा, म्हणजे डोळे आणि नाक झाकणारा पाणबुड्यांचा मास्क, मागविला. तो आला, दिसायला सुरेख होता. परंतु माझ्या चेहऱ्याला बसेना. विहिरीच्या पायरीवर उभे राहून डोके बुडविले तरी गालाजवळून पाणी आत येई. त्याच सुमारास परीक्षा होती, परत पाठविण्याची मुदत टळून गेली, आणि पैसे पाण्यात गेले.

या फजितीनंतर मी या यंत्राच्या जन्माची माहिती शोधू लागलो. त्यातून ज्या पुरुषाचा परिचय झाला त्याचे चरित्र आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. ते कॅप्टन झाक-ईव्ह कुस्तो.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक या लहान गावी झाला. लहानपणी ते प्रकृतीने अशक्त होते. यंत्रांची आणि चलच्चित्रांची मात्र त्यांना विलक्षण ओढ होती. शाळकरी वयातच पैसे साठवून त्यांनी एक सिनेमाचा कॅमेरा घेतला. १९३० साली ते नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले. पुढे नौदलात वैमानिक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु १९३६ च्या सुमारास मोटार अपघातात त्यांच्या हातांना जबर दुखापत झाली आणि विमान चालविण्याचे स्वप्न तेथेच संपले. हातांत बळ यावे म्हणून ते तुलाँच्या समुद्रात पोहू लागले. नशीब एक दार लावते तेव्हा दुसरे उघडते असे आपल्याकडे म्हणतात. कुस्तो यांचे दुसरे दार पाण्यात उघडले.

१९३६ मध्ये फिलिप ताय्ये या नौदलातील सहकाऱ्याने त्यांना पाण्याखाली पाहण्याचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी समुद्रात डोके घातले, आणि वर सूर्य, रस्ता व माणसे असताना खाली एक वेगळीच सृष्टी आहे हे त्यांना दिसले. पुढे फ्रेदेरिक द्युमा हा पट्टीचा पाणबुड्या त्यांना मिळाला. ताय्ये, द्युमा आणि कुस्तो या तिघांची जोडगोळी आयुष्यभर गाजली. परंतु तिघांपुढे अडचण एकच होती, आणि ती माझ्या मामांपुढेही आहे. माणसाचा दम संपतो.

पाण्याखाली श्वास घेण्याचे प्रयत्न कुस्तोंच्या आधीही झाले होते. १८६० च्या दशकात रुकेरॉल आणि देनेरूझ या दोन फ्रेंच गृहस्थांनी मागणीनुसार हवा सोडणारे यंत्र केले होते. परंतु त्या काळी पुरेशा दाबाची हवा टाकीत भरणे साधत नसे. कुस्तोंच्या काळात ल प्रियर यांचे यंत्र होते, पण त्यातून हवा सतत वाहून वाया जाई आणि पाणबुड्याला थोडाच वेळ मिळे.

तेव्हा कुस्तोंनी पहिला प्रयत्न घरच्या घरीच केला. जहाजावरच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून त्यांनी प्राणवायूचे एक उपकरण बनवून घेतले. त्यात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याचा डबा आणि मोटारसायकलची आतली ट्यूब असे हाताशी असलेले सामान वापरले होते. कारागीर ओळखीचा, सामान जवळचे, खर्च अल्प. परंतु शुद्ध प्राणवायू काही मीटर खोलीनंतर विषासारखा वागतो, हे त्यांना पुरते ठाऊक नव्हते. सुमारे १४ मीटरवर त्यांना झटके आले आणि शुद्ध हरपण्यापूर्वी कमरेचे वजन सोडता आले म्हणून ते वाचले. सुधारलेल्या उपकरणातही पुन्हा तोच प्रसंग आला. त्यानंतर त्यांनी वरून पंपाने नळीतून हवा घेण्याची पद्धत करून पाहिली, तर खोल पाण्यात नळीच तुटली. म्हणजे वस्तू जवळच्या माणसाने केली म्हणून ती आपोआप विश्वासाची होत नाही, हा पहिला धडा त्यांनी जिवावर बेतून घेतला.

१९३७ साली कुस्तोंचा विवाह सिमोन मेल्किओर यांच्याशी झाला होता. सिमोनचे वडील एर लिकिद या वायू तयार करणाऱ्या मोठ्या कंपनीशी संबंधित होते. दुसरे महायुद्ध चालू होते, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. अशा काळात डिसेंबर १९४२ मध्ये सासऱ्यांच्या ओळखीने कुस्तो पॅरिसमध्ये त्या कंपनीचे अभियंते एमिल गान्यां यांना भेटले. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते, म्हणून गान्यांनी मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एक झडप तयार केली होती. इंजिनाला जेवढा गॅस लागेल तेवढाच ती सोडी. कुस्तोंची मागणीही हीच होती, फक्त इंजिनाच्या जागी माणसाचे फुप्फुस होते.

काही आठवड्यांत पहिला नमुना तयार झाला. १९४३ च्या प्रारंभी, थंडीच्या दिवसांत, दोघे पॅरिसजवळच्या मार्न नदीवर गेले. कुस्तो पाण्यात उतरले आणि गान्यां काठावर उभे राहिले. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. परंतु सरळ उभे राहिले की हवा भसाभसा निघून जाई, आणि डोके खाली केले की श्वास ओढणे अवघड होई. दोघे निराश होऊन निघाले. परतीच्या वाटेवर चर्चा करता करता कारण सापडले. श्वास घेण्याची आणि सोडण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती, आणि पाण्याचा दाब उंचीप्रमाणे बदलतो. दोन्ही जागा एका पातळीवर आणताच दोष नाहीसा झाला आणि पॅरिसमधल्या टाकीत पुन्हा चाचणी घेतल्यावर यंत्र सर्व बाजूंनी सारखे चालले. घडविणारा आणि वापरणारा त्या दिवशी एकाच काठावर नसते, तर हा दोष कितीतरी दिवस लपून राहिला असता.

यानंतरचा प्रसंग वाचताना मला माझेच पार्सल आठवले. जून १९४३ मध्ये कुस्तो दक्षिण फ्रान्समधील बांदोल येथील रेल्वे स्टेशनवर गेले आणि पॅरिसहून आलेली एक लाकडी पेटी त्यांनी सोडवून घेतली. त्यांचे स्वयंपूर्ण पाणबुड्या-यंत्र असे पार्सलाने आले! तिघे मित्र ती पेटी घेऊन किनाऱ्यावर गेले. कुस्तोंनी यंत्र पाठीला बांधले. द्युमा गरज पडल्यास उडी घेण्याच्या तयारीत किनाऱ्यावर थांबले आणि सिमोन पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत पतीवर नजर ठेवून राहिल्या. कुस्तो सुमारे १८ मीटर खोल गेले, आडवे झाले, उलटे झाले, कोलांट्या मारल्या. श्वास सारखा चालत राहिला. युद्धामुळे अन्नाची टंचाई होती, म्हणून येताना त्यांनी खडकाच्या कपारीतून शेवंडीही आणल्या आणि त्या दिवशी घरात मेजवानी झाली.

पेटी रेल्वेने आली हे खरे. परंतु पेटीतल्या वस्तूचा गुण आणि अवगुण कुस्तोंना आधीच ठाऊक होता. त्यांनी ती स्वतः घालून पाहिली होती, तिचा दोष स्वतः अनुभवला होता, आणि काही बिघडले तर कोणाकडे जायचे हे त्यांना माहीत होते. शिवाय ती प्रथम वापरताना दोन माणसे डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे पाहत होती. माझ्या पार्सलात यांपैकी काहीच नव्हते.

युद्ध संपल्यावर १९४५ साली फ्रेंच नौदलाने तुलाँ येथे पाण्याखालील संशोधनाचा एक गट स्थापन केला. ताय्ये, कुस्तो आणि द्युमा त्यात होते. बंदरांतील सुरुंग काढण्याचे जोखमीचे काम या गटाने केले. यंत्राचा प्रसार हळूहळू जगभर झाला; मात्र यंत्र चांगले असले तरी धोका संपत नाही हे कुस्तोंना पुन्हा पुन्हा दिसले. १९४६ साली वोक्लूझच्या प्रसिद्ध झऱ्याच्या गुहेत ते आणि द्युमा खोल उतरले असता दोघांची शुद्ध हरपू लागली आणि ते मरता मरता वाचले. नंतर शोध घेता असे कळले, की टाक्या भरणारा नवा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता आणि हवेत विषारी कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. यंत्र नवे कोरे होते, पण हवा बाटलेली होती. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्यांचे सहकारी मोरीस फार्ग १२० मीटर खोलीवर मरण पावले.

१९५० मध्ये कुस्तोंना कॅलिप्सो मिळाली. हे मूळचे सुरुंग काढणारे लाकडी जहाज. पुढे माल्टामध्ये ते उतारूंची ने-आण करी. लोएल गिनेस या धनिकाने ते विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने कुस्तोंना दिले. जहाजावर सिमोन कप्तानाइतक्याच मानाने वावरत. आमच्याकडे घरची बाई संसाराचा गाडा ओढते आणि नाव घरधन्याचे होते. सिमोन यांचेही तसेच झाले असे मला वाटते. गान्यां यांचेही नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९५३ साली कुस्तो आणि द्युमा यांचे मूक जगाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच नावाचा चित्रपट कुस्तोंनी लुई माल यांच्याबरोबर केला आणि १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळविला. पुढे त्याला ऑस्करही मिळाले. १९५७ पासून १९८८ पर्यंत ते मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाचे संचालक होते. १९६२ साली मार्सेयजवळ त्यांचे दोन सहकारी १० मीटर खोलीवरच्या घरात आठवडाभर राहिले, आणि १९६३ मध्ये तांबड्या समुद्रात त्याहून मोठी वस्ती उभारली गेली. दूरचित्रवाणीवरील मालिकांमुळे त्यांची लाल लोकरी टोपी जगभर ओळखीची झाली.

थोरांच्या चरित्रात त्यांचे दोष झाकण्याची रीत आहे, पण ती मला योग्य वाटत नाही. ज्या चित्रपटाने त्यांना कीर्ती दिली त्यातच माशांची मोजदाद करण्यासाठी सुरुंग उडविल्याची आणि शार्क मारल्याची दृश्ये आहेत. पुढील आयुष्यात मात्र हाच मनुष्य समुद्राचा कैवारी झाला. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्यास त्यांनी जाहीर विरोध केला आणि १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था स्थापन केली. चूक करणारा माणूस आपली चूक डोळ्यांनी पाहून बदलू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

उतारवयात दुःखाचे घाव बसले. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. १९९० मध्ये सिमोन गेल्या. १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे वयाच्या ८७ व्या वर्षी कुस्तोंनी देह ठेवला. त्यांना त्यांच्या जन्मगावीच मूठमाती देण्यात आली.

हे चरित्र वाचल्यावर मी मालवणच्या त्या प्रशिक्षकांना फोन केला आणि मनातला बेत सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : तुमचे मामा खोल गेल्यावर काय करतात? मी अभिमानाने सांगितले की ते दम कोंडून धरतात. त्यावर त्यांनी जे समजावले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. नुसता दम धरून गेलेला माणूस वरची हवा छातीत घेऊन जातो आणि तीच घेऊन परत येतो, म्हणून त्याचे चालते. परंतु टाकीची हवा खालच्या दाबाने छातीत भरते. ती कोंडून वर आले तर ती फुगते आणि फुप्फुस फाटते. म्हणून या यंत्राचा पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. माझ्या मामांनी आयुष्यभर जी एक विद्या कमावली, तीच या यंत्राबरोबर त्यांचा घात करणारी होती. मी सारा संच मागवून, प्रेमाने त्यांच्या पाठीवर बांधून, त्यांना विहिरीत सोडले असते!

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की पार्सल वाईट नाही आणि दुकान पवित्र नाही. आमच्यासारख्या आडबाजूच्या गावाला घरपोच वस्तू म्हणजे मोठीच सोय आहे. माझी अर्धी पुस्तके तशीच आली. पायपंख, पिशवी, शिट्टी अशा वस्तू मापाचा अंदाज आल्यावर कोठूनही घ्याव्यात. मुखवटा मात्र चेहऱ्यावर लावून पाहावा. पट्टा न अडकविता नाकाने किंचित श्वास ओढला असता तो चेहऱ्याला चिकटून राहिला तरच तो आपला. आणि रेग्युलेटर घ्यावा तो शिकून झाल्यावर, ज्याने शिकविले त्याच्या सल्ल्याने, आणि दरवर्षी तो उघडून साफ करून देणारा कारागीर कोठे आहे हे आधी विचारून. टाकी तर भाड्याने घेतलेलीच बरी. ती ठराविक मुदतीत तपासावी लागते, आणि हदगावात ती शुद्ध हवेने भरणार कोण? ज्या वस्तूवर श्वास अवलंबून आहे तिच्याबरोबर एक माणूसही मिळाला पाहिजे.

परीक्षा संपल्यावर मी मालवणला जाऊन रीतसर शिकणार आहे. पहिल्या शिक्षणावर कोणी गढूळ डोहात शोधकार्य करू शकत नाही, त्यासाठी पुढचे वेगळे शिक्षण लागते, हेही मला सांगण्यात आले आहे. वेळ लागेल. न बसणारा मुखवटा माझ्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवला आहे.

मामांना मी हे सारे सांगितले. कुस्तोंचे नाव त्यांना उच्चारता आले नाही, पण मार्न नदीची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. काठावर गान्यां उभे होते हे त्यांना फार आवडले. शेवटी ते म्हणाले, की त्यांना स्वतःला आता या वयात दम सोडायला शिकणे जमणार नाही. तू शिकून ये, आणि तू उतरशील त्या दिवशी दोर मी धरीन.